पाणमोट फुटल्याची वेळ

चांदणीच्या वासराचे खूर पहिल्यांदा दिसले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले असावेत. असावेत म्हणते, कारण त्या रात्री आमच्यापैकी एकानंही घड्याळ पाहिलं नव्हतं. पाणमोट, म्हणजे वासराभोवतीची पाण्याची पिशवी, कधी फुटली, कळा कधी सुरू झाल्या, दोर कधी लावला, यातलं काहीच आज मला नक्की सांगता येत नाही. माझ्या गोठ्यातली दोन जनावरं कशानं गेली असं कुणी विचारलं, तर मी आधी हे सांगते.

आमचा गोठा फलटण तालुक्यात. तेव्हा लहानमोठी मिळून सतरा जनावरं होती, सगळी होलस्टीन संकराची. शेत आणि डेअरीला दूध घालणं आमचे हे बघतात. धारा, वैरण आणि वासरं माझ्याकडं आणि आत्यांकडं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. चांदणी आमच्याच गाईची कालवड, माझ्या हातच्या बाटलीवर वाढलेली. पहिलारू होती, म्हणजे पहिल्यांदाच विणार होती.

जानेवारी २०२२. थंडी मरणाची. संध्याकाळच्या धारेला चांदणी उठबस करायला लागली होती, शेपूट वर धरत होती, मागं वळून पोटाकडं बघत होती. आम्ही जेवायला गेलो. परत येऊन बघितलं तर खाली जमीन ओली आणि दोन खूर बाहेर. डॉक्टरांना फोन केला, ते दुसऱ्या टोकाच्या गावात एका म्हशीवर अडकले होते, तास-दीड तास लागेल म्हणाले. मग शेजारच्या तात्यांना बोलावलं. तात्यांनी आयुष्यात पुष्कळ गाई सोडवल्यात. ते आले, त्यांच्यामागं दोन पोरं आली, आणि कासरा आला.

दोन्ही पायांना एकत्र गाठ मारली आणि चौघं ओढायला लागले. आत्या दाराशी उभ्या होत्या. "आरं, तिला कळ तरी येऊ द्या, मग वडा," एवढं त्या दोनदा म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. मीही नाही. मला वाटत होतं, जितकं लवकर निघेल तितकं बरं. खुरांचे तळवे आभाळाकडं होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. वासरू उलटं येत होतं, मागचे पाय पुढं. कमरेपर्यंत आलं आणि अडकलं. उलट्या वासराची कमर बाहेर आली की नाळ आत दाबली जाते, त्याचं डोकं अजून आतच असतं, आणि तिथून पुढचे क्षण मोजके असतात. हे मला नंतर कळलं. आमचं वासरू तसंच किती वेळ होतं? पंधरा मिनिटं? वीस? घड्याळ कुणी बघितलंच नव्हतं.

बाहेर आलं ते गार. नाकात काडी घातली, पोत्यानं चोळलं, डोक्यावर पाणी ओतलं, दोघांनी मागच्या पायांना धरून उलटं टांगलं. काही झालं नाही. गोऱ्हा होता. तात्यांबरोबरचा एक जण सहज म्हणाला, "गोऱ्हाच व्हता, वाचला तरी काय करणार हुता." तो वाईट माणूस नाही. गावात सगळे हेच म्हणतात. संकरित गोऱ्ह्याला औताला विचारत नाहीत, त्याला पाजलेलं दूध अंगावर येतं, हे खरं आहे. पण मला ते वाक्य अजून टोचतं. नऊ महिने ज्या गाईनं ते पोटात वागवलं ती तिथंच पडून हंबरत होती. तिला चाटायला ते पुढ्यात ठेवलं, तर तिनं ते चाटून चाटून कोरडं केलं.

आणि मग चांदणी उठलीच नाही.

डॉक्टर पोचले तेव्हा ती पुढचे पाय टेकून उठू बघायची आणि मागचे पाय बेडकासारखे दोन्हीकडं फाकायचे. त्यांनी हात घालून तपासलं, मांड्या चाचपल्या. म्हणाले, कमरेच्या हाडातून मागच्या पायांकडं जाणारी नस असते, मोठं वासरू जोरानं ओढलं की ती दबते. कधी चार दिवसांत सुटते, कधी सुटत नाही. कॅल्शियमची बाटली लावली, सुजेचं आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलं. मग त्यांनी जे विचारलं ते मला कायमचं लागलं. "ही भरवली तेव्हा वजन किती होतं?"

वजन कुणी केलं होतं? माजावर आली, चांगली दिसत होती, रेतन करून भरवली. रेतन कुठल्या वळूचं तेही विचारलं नाही, फक्त जास्त दुधाचं द्या म्हणालो. संकरित कालवड अडीचशे किलोच्या पुढं गेल्याशिवाय भरवू नये, आणि पहिलारूला हलक्या वासराचा वळू मागून घ्यावा. काही वळूंच्या तक्त्यात त्यांची वासरं किती सहज जन्मतात याचीही नोंद असते. आम्ही दुधाचा आकडा बघत होतो. म्हणजे गोठ्यात त्या रात्री जे झालं त्याची सुरुवात नऊ महिने आधी झाली होती.

पुढचे अकरा दिवस मी गोठ्यातच होते म्हटलं तरी चालेल. बसलेली गाय सांभाळणं म्हणजे काय हे ज्यानं केलं त्यालाच कळतं. सिमेंटवर ठेवली तर दोन दिवसांत मांड्यांची कातडी जाते, म्हणून बांधकामाला आणलेली वाळू आम्ही तिच्याखाली पसरली, गुडघाभर. दर चार तासांनी तिला कुशीवर पलटायचं, रात्रीसुद्धा, कारण एकाच मांडीवर सगळं वजन राहिलं की खालचं मांस मरतं. चारशे किलोची गाय पलटायला चार माणसं लागतात. रात्री दोनला मी, हे, मामा म्हणजे माझे सासरे, आणि माझा सातवीतला मुलगा. मागचे पाय आणखी फाकू नयेत म्हणून दोन पायांत दीड हाताचं अंतर ठेवून जुन्या धोतराच्या पट्टीनं बांधले होते. पाणी आणि वैरण तोंडाशी. सकाळ-संध्याकाळ बसल्या जागी धार काढायची, नाहीतर कास दगड व्हायची. दोनदा डांबांना कप्पी लावून पोटाखालून पट्टा घालून उभी केली. पहिल्या वेळी पाच मिनिटं तिनं पाय टेकले, तेव्हा मामा रडले. दुसऱ्या वेळी ती पट्ट्यात नुसतीच लोंबली.

सगळ्यात अवघड एवढंच होतं की ती खात होती. रवंथ करत होती. मी गेले की कान पुढं करायची. डोळे अगदी स्वच्छ. अशा जनावराची आशा सोडायची कधी? शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावी असं सहाव्या दिवशी ठरत होतं, पण डॉक्टर म्हणाले, टेम्पोत घालून एवढं अंतर हेंदकाळलं तर जे शिल्लक आहे तेही जाईल. दहाव्या दिवशी तिनं वैरण सोडली. अकराव्या दिवशी दुपारी, मी पाणी आणायला गेले तेवढ्यात, गेली.

जेसीबी बोलावून बांधाला खड्डा घेतला. खाली चुना आणि मीठ, वर चुना आणि मीठ. विमा नव्हता. कानात बिल्ला होता, कागद काढायचे राहून गेले होते. औषधं, जेसीबी आणि गाय धरून त्या महिन्यात घराचं जे नुकसान झालं ते पुढं दोन वर्षं भरून निघत होतं. शाळेची फी उशिरा गेली, आत्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं. हे मुद्दाम लिहिते, कारण जनावर गेलं की लोक "लक्ष्मी गेली" म्हणून हळहळतात, आणि हप्ता मात्र त्याच तारखेला येतो.

त्याच वर्षी पावसाळ्यात लम्पी आली. ऑगस्टमध्ये जळगावकडं पहिल्या गाई सापडल्याचं ऐकलं, आणि गणपती उठेपर्यंत आमच्याकडंही धास्ती पसरली. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत होते. आमच्यातल्या बहुतेकांना वेळेत मिळाली, हरणीला ताप आधीच भरला होता. अंगभर गाठी, पाय सुजून खांबासारखे. ती वाचली. पण सातव्या महिन्याचा गाभ पडला. ओढ्यापलीकडच्या घरची दुभती गाय गेली, त्यांना शासनाचे तीस हजार मिळाले. ओढकामाच्या बैलाला पंचवीस आणि वासराला सोळा हजार असा दर होता. भरपाई मेलेल्या जनावराची होती. पडलेल्या गाभाची, आटलेल्या दुधाची नव्हती. मी तक्रार करत नाही, ज्यांची गेली त्यांचं दुःख मोठं. पण पडलेल्या गाभालाही कुठल्यातरी वहीत ओळ हवी, असं मला तेव्हा फार वाटलं. म्हणून मीच वही केली.

गाभ पडलेल्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. आत्या नेहमीसारखं उघड्या हातानं ते उचलायला निघाल्या आणि डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. गाभडण्यामागं ब्रुसेल्ला नावाचा जंतू असेल तर तो आजार माणसालाही होतो, ताप महिनोन्‌महिने येत राहतो. हातमोजे घालून, चुना टाकून पुरायचं, आणि रक्त तपासून घ्यायचं. हरणीचं रक्त स्वच्छ निघालं. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेल्लाची लस आयुष्यात एकदाच द्यायची असते, ती आम्ही तेव्हापासून चुकवलेली नाही. आत्यांनी चाळीस वर्षं उघड्या हातानं वार, म्हणजे वासरामागून पडणारी झिल्ली, काढली आहे. त्यांना राग आला नाही, फक्त बराच वेळ आपल्या हातांकडं बघत बसल्या.

लसीकरणाच्या त्याच फेरीत मी डॉक्टरांना म्हटलं, मला शिकवा. पोटात हात घालायला नाही, फक्त काय दिसतंय ते कळायला. त्यांनी आठ दिवसांचं एक वासरू धरलं, माझे डोळे मिटायला लावले आणि त्याचा पाय हातात दिला. खुराच्या वरचा सांधा वाकवा. आता त्याच्या वरचा. दोन्ही एकाच दिशेला वाकले तर पुढचा पाय. दुसरा सांधा उलटा वाकला तर मागचा. एवढंच. अर्धा तास मी त्या वासराचे चारी पाय डोळे मिटून चाचपत होते, वासरू कंटाळून माझा पदर चघळत होतं. हे मला जानेवारीत माहीत असतं तर!

वहीत पहिल्या पानावर मी त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवलं. पाणमोट फुटली की घड्याळ बघायचं. दोन खूर तळवे खाली करून आणि त्यावर टेकलेलं नाक दिसलं तर हात लावायचा नाही, गाईचं काम गाईला करू द्यायचं. गाय जोर करत असताना अर्ध्या-पाऊण तासात वासरू पुढं सरकलं नाही, पहिलारूला थोडं जास्त, तर फोन. तळवे वर दिसले तर लगेच फोन. एकच पाय, नुसतं शेपूट, नुसतं डोकं, लगेच फोन. ओढायचंच झालं तर कळेबरोबर, एकदा हा पाय एकदा तो, तेल भरपूर, आणि खांदे सुटल्यावर खाली तिच्या टाचांकडं. दोन माणसांपेक्षा जास्त जोर लागतोय म्हणजे आत काहीतरी चुकलंय. गोठ्याच्या भिंतीवर डॉक्टरांचा नंबर आणि जनावरांच्या सरकारी मदतीचा नंबर १९६२ असं मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं, कारण घाबरलेल्या माणसाला मोबाईलमधलं नाव सापडत नाही.

जून २०२३ मध्ये सोनी व्यायली. वहीत आहे: पाणमोट पहाटे ४.२०. पावणेपाचला दोन खूर, तळवे खाली. पाच वाजले, नाक नाही. हात साबणानं धुतला, मोजा चढवला, तेल लावलं आणि मनगटापलीकडं घातला. दोन्ही पायांचे सांधे एकाच दिशेला वाकत होते, म्हणजे पुढचे. पण त्यांच्या वर जिथं तोंड असायला हवं तिथं नुसता गोल, टणक उंचवटा लागला. मान वळली होती. तात्या आलेच होते, कासरा त्यांच्या खांद्यावर होता. मी म्हटलं, "तात्या, पाया पडते, आज दोर नको." ते गप्प बसले. मग कासरा खुंटीला अडकवून सोनीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि तिची गळ्याखालची पोळी खाजवत राहिले. त्यांनाही चांदणी विसरता आली नव्हती.

डॉक्टर पन्नास मिनिटांत आले. मागच्या बाजूला इंजेक्शन देऊन कळा सैल केल्या, वासरू आत ढकललं, हो, आत ढकललं, मग खालचा जबडा धरून तोंड वळवून घेतलं. बाकीचं सोनीनं केलं. कालवड. जीभ थोडी सुजलेली, पण श्वास घेत होती. नाळेला आयोडीन लावलं आणि पहिल्या तासात दोन लिटर चीक पाजला. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पहिल्या दिवसात पोटात जायलाच हवा, आणि त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. आमच्याकडं पूर्वी वार पडेपर्यंत पाजायचं नाही अशी रीत होती. त्या रितीनं किती वासरं हगवणीनं गेली असतील, मोजायची हिंमत होत नाही. वार मात्र बारा तासांनीही पडली नव्हती. लोंबत्या वारेला दगड किंवा चप्पल बांधतात, ते केलं नाही, ओढलीही नाही. डॉक्टरांनी उपचार केले, तिसऱ्या दिवशी आपोआप गळून पडली.

गौरी तिसऱ्या वेताची, ती त्याच महिन्यात व्याल्यावर दुसऱ्या दिवशी मान कुशीत घालून बसली, कान बर्फासारखे. यावेळी मी ओळखलं. कॅल्शियमची बाटली कोमट करून अगदी सावकाश शिरेतून गेली, घाई केली तर हृदय बंद पडतं. बाटली संपता संपता तिनं शेण टाकलं, आणि तासाभरात उठली. भाकड काळात तिला लाड म्हणून लसूणघास भरभरून घातला होता, तोच नडला होता. घासात कॅल्शियम भरपूर, त्यामुळं हाडांतून ते काढायची अंगाची सवय मोडते आणि चीक उतरताना एकदम तुटवडा पडतो. आता व्यायच्या आधीचा महिना घास बंद.

त्या वर्षी वसुबारसेला सोनी आणि तिच्या कालवडीची पूजा केली. पुढच्याच आठवड्यात कपिला.

कपिलाची नोंद पानभर आहे. दुपारी २ पासून अस्वस्थ. पोटाला लाथा. ४ वाजले, पाणमोट नाही. ५ वाजले, पाणमोट नाही. फुटल्यावर घड्याळ बघायचं हे मला पाठ होतं, पण फुटलीच नाही तर काय, हे पहिल्या पानावर नव्हतं. साडेपाचला फोन केला. डॉक्टरांचा हात आत जाऊन थांबला, वाट मळसूत्रासारखी फिरलेली होती. गर्भपिशवीला पीळ. तिला दावणीतून सोडून मऊ रानात आणली, पाडली, पोटावर फळी ठेवून एक जण त्यावर उभा राहिला आणि आम्ही सहा जणांनी तिला पिळाच्या दिशेनं लोळवली. दुसऱ्या लोळवणीला आतून पाण्याचा लोट आला. पीळ सुटला होता. वासरू मेलेलं निघालं. कालवड होती, काळी, कपाळावर पांढरा ठिपका. पीळ पडला की रक्तच पोचत नाही. दोनला फोन केला असता तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मी वहीत तसंच लिहिलं, आणि पहिल्या पानावर एक ओळ वाढवली: तीन-चार तास अस्वस्थ आणि पाणमोट नाही, तर थांबू नये.

कपिला उठली, उभी राहिली. रात्री धार काढली तर सात लिटर चीक. आमच्या घरात मेलेल्या वासराच्या आईच्या चिकाचा खरवस करत नाहीत, शेजारी वाटतही नाहीत, ओततात. आत्या बादली घेऊन परसात निघाल्या. मी त्यांच्या हातातून ती घेतली. लिटरलिटरच्या बाटल्या भरल्या, कपिला आणि तारीख लिहून चिकटवलं आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. आत्या काही बोलल्या नाहीत. कपिला रात्रभर हंबरत होती, तिच्यापाशी पोतं टाकून त्याच निजल्या.

फेब्रुवारीत एका रात्री दहाच्या सुमारास तात्यांचा मुलगा आला. त्यांची गाय व्याली आणि पिशवी फाटून आतल्या आत रक्त जाऊन तासात गेली. वासरू जिवंत होतं. "वहिनी, चीक हाय का?" मी काही म्हणायच्या आत आत्यांनी कप्पा उघडला होता. बाटली उकळायची नाही, कोमट पाण्यात विरघळवायची, नाहीतर चिकाचा खरवस होतो आणि वासराला लागणारं सगळं मरतं. तात्यांच्या गोठ्यात गेले तेव्हा ते मेलेल्या गाईच्या डोक्याशी बसले होते. वासरू कोपऱ्यात गोणपाटावर थरथरत होतं. गोऱ्हा. तात्यांनी स्वतः उठून त्याचं तोंड वर धरलं, मी बाटली लावली. पहिले चार घोट बाहेर आले, मग त्यानं जीभ गुंडाळून धरली आणि ओढायला लागलं.

"किती वाजलं?" तात्यांनी विचारलं.

"अकराला दहा कमी."

"लिहून ठेव," ते म्हणाले. मी पोराला दुसरी बाटली आणायला घरी पिटाळलं.